मीटरचा सैल पेच



सध्या गावोगावी जुने वीजमीटर काढून स्मार्ट मीटर बसवले जात आहेत. चर्चा होते ती बिलाची. मला बोलायचं आहे ते मीटरच्या तळाशी असलेल्या चार भोकांबद्दल. फेज आत येतो, बाहेर जातो, न्यूट्रलचंही तसंच. प्रत्येक भोकात वायर धरून ठेवायला बहुधा दोन पेच असतात. घराची सगळी वीज त्यांच्या पकडीतून जाते.

पेच सैल राहिला की वायरचा धातूशी नीट संपर्क होत नाही आणि तिथला अवरोध वाढतो. समजा, तो ओहमचा फक्त दहावा हिस्सा आहे. एसी, गिझर, इस्त्री एकदम चालू असताना 20 अँपिअर प्रवाह वाहिला, तर त्या जोडावर 40 वॅट उष्णता तयार होते. दुरुस्तीवाल्याकडचं 25 वॅटचं सोल्डरिंग आयर्न कथील वितळवतं. इथे त्याहून जास्त उष्णता बंद झाकणाखाली कोंडते. तापलेल्या जोडावर ऑक्साइडचा थर चढतो, अवरोध आणखी वाढतो, जोड आणखी तापतो. वायर अ‍ॅल्युमिनियमची असेल तर ती पेचाखाली हळूहळू दबते आणि आज घट्ट असलेला जोडही पुढे ढिला पडतो. साधं पीव्हीसी आवरण 70 अंश सेल्सिअसपर्यंतच टिकेल असं धरलेलं असतं.

एमसीबी मात्र पडत नाही, कारण प्रवाह नेहमीचाच असतो. गळती नसते, म्हणून आरसीसीबीलाही पत्ता लागत नाही. मला हा दोष शॉर्टसर्किटपेक्षा घातक वाटतो तो यासाठीच. त्यातून कितीतरी इमारतींत मीटर जिन्याखाली असतात. तिथे पेट घेतला तर धूर जिन्यात भरतो, आणि खाली उतरायची वाट तीच.

मीटर बसवायला माणूस आला की थोडं अंतर ठेवून उभे राहा. भोकात मावत नाही म्हणून वायरच्या चार तारा कापल्या का? पेच उघड्या तारेवर बसला की आवरणावर? दोन्ही पेच आवळले का? वायर ओढून पाहिली का? याला फार वेळ लागत नाही, पण ‘लाईट लवकर द्या’ म्हणून आपणच त्याच्या मागे लागतो. आणि जिथे दिवसाला किती मीटर बसले एवढंच मोजलं जातं, तिथे सगळा दोष त्या एकट्या पोरावर ढकलणं मला मान्य नाही. जोड तपासणारा दुसरा माणूस हवाच.

पुढे कधी गिझर लावताच दिवे मंद झाले, मीटरपाशी चरचर ऐकू आली, जळक्या प्लास्टिकचा वास आला, तर मोठी उपकरणं बंद करा आणि 1912 वर तक्रार नोंदवा. दिवे एकाएकी प्रखर झाले तर आधी मेन स्विच पाडा. थ्री-फेज पुरवठ्यात न्यूट्रल सुटला की 230 व्होल्टच्या जागी 400 च्या आसपास दाब चढू शकतो.

मीटरचं सील मात्र स्वतः तोडू नका, ओळखीच्या वायरमनलाही तोडू देऊ नका. घरातला मेन स्विच बंद केला तरी मीटरच्या टर्मिनलमध्ये वीज असतेच.