घाणा का थांबला?
(उमरी येथील समाजमेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या तेली समाजातील मुले-मुली आज वकील, डॉक्टर, शिक्षक होत आहेत, याचा आम्हांस अभिमान वाटतो. परंतु ज्या घाण्याने आपल्या वाडवडिलांस भाकरी दिली तो का थांबला, याचाही विचार अशा प्रसंगी व्हावयास हवा.

पूर्वी शेतकरी करडई, जवस, तीळ घेऊन आपल्या दारी येई. आपण ते गाळून देत असू आणि मजुरीदाखल पेंड वा तेलाचा वाटा घेत असू. १९३७ साली लिव्हर कंपनीचा डालडा बाजारात आला. पुढे तेलगिरण्या वाढल्या. १९९४ साली पामतेलाची आयात खुली झाली. १९९८ साली दिल्लीत पिवळ्या धोत्र्याची भेसळ झालेल्या मोहरीच्या तेलाने साठांहून अधिक माणसे दगावली व त्यानंतर सुटे तेल विकण्यावर बंधने आली. पाप भेसळखोराचे, भार मात्र मापाने चोख तेल देणाऱ्यावरही पडला.

हे सारे घाव खरेच. तथापि सर्वांत खोल घाव बाजारात नव्हे, शिवारात बसला, असे आमचे मत आहे. नांदेड-लातूरच्या काळ्या रानातून करडई हटली आणि सोयाबीन आले. शेतकऱ्यास दोष देता येणार नाही. करडई काटेरी, तिच्या काढणीस मजूर मिळेना. पण हिशेब पाहा. शंभर किलो सोयाबीनमध्ये तेल अठरा ते वीस किलो. घाण्याच्या पेंडीत सुमारे दहा टक्के तेल राहते. म्हणजे जवळजवळ निम्मे तेल पेंडीतच अडकते. मोठा कारखाना रासायनिक द्रावकाने ते ओढून घेतो; त्याच्या पेंडीत जेमतेम एक टक्का उरतो. उलट करडईत तेल तीस टक्क्यांच्या आसपास. तेथे घाणाही वीस-बावीस किलो तेल देतो. घाणा हरला तो तेलाच्या गुणाने नव्हे, त्याच्या जोगे बी शिवारातून गेल्याने.

आज शहरांत लाकडी घाण्याच्या तेलास चढा भाव मिळतो. पण त्याचा लाभ ज्याच्यापाशी भांडवल आहे तोच घेतो. म्हणून आमची सूचना अशी : सोयाबीनशी वैर नको. ते निघाल्यावर त्याच रानात ओलीवर करडई येते. परभणीच्या कृषी विद्यापीठाने 'परभणी कुसुम' हा वाणही दिला आहे. पाच-दहा कुटुंबांनी एकत्र येऊन पेरणीपूर्वीच शेतकऱ्याशी भाव ठरवावा, काढणीचे यंत्र भाड्याने आणावे आणि घाणा, परवाना व बाटलीबंद करण्याची सोय सामाईक ठेवावी.

कोणी म्हणतील, भागीदारी टिकत नाही. बंधूंनो, ३० जानेवारी १९४८ रोजी निजामी राजवटीविरुद्ध लढणाऱ्यांनी याच उमरीच्या बँकेतील रक्कम लढ्यासाठी नेली आणि तिचा हिशेबही ठेवला. ज्या गावाला हा वारसा आहे, तेथे दहा घरांच्या घाण्याची वही चोख राहू नये काय? सहकार बहुधा वहीतच बुडतो. ती वही आपण सांभाळू, तर घाणा पुन्हा फिरेल.