नवसाचे बांधकाम
(कलशारोहणाच्या सायंकाळी झालेल्या सभेतील भाषण)



आज आपल्या ग्रामदैवताच्या मंदिरावर कळस चढला. गवंडी आणि पाथरवट मंडळींचा सत्कार आपण डोळे भरून पाहिला. मला समितीने बांधकामावर चार शब्द बोलण्यास सांगितले आहे. मी पडलो कचेरीतला कारकून. वीट आणि वाळू मला कागदावरच भेटते. तेव्हा स्वतःचे शहाणपण सांगण्याऐवजी, माझ्या वाचनात आलेल्या एका माणसाची हकिकत सांगतो. तो आपल्या देशातला नाही, आपल्या धर्माचाही नाही. पण नवस म्हणजे काय हे ज्यांना कळते, त्यांना तो परका वाटणार नाही.

स्पेन देशात माद्रिद या राजधानीपासून सुमारे २० किलोमीटरवर मेहोरादा देल काम्पो नावाचे लहानसे गाव आहे. तेथे २० सप्टेंबर १९२५ रोजी हुस्तो गायेगो यांचा जन्म झाला. घरची शेती होती. १९३६ मध्ये त्या देशात यादवी युद्ध पेटले आणि हुस्तोची शाळा सुटली ती सुटलीच. पुढे ते ट्रॅपिस्ट पंथाच्या मठात साधू होण्यासाठी गेले. तेथे काही वर्षे राहिले आणि क्षयाने पकडले. इतरांना लागण होईल या भीतीने १९६१ मध्ये मठ सोडावा लागला. साधू व्हायला निघालेला माणूस छत्तिसाव्या वर्षी रिकाम्या हाताने गावी परत आला. ही गोष्ट मनाला किती लागत असेल, ते गावात राहणाऱ्यांना सांगायला नको.

त्यांनी आजारपणात नवस केला होता की बरा झालो तर देवाचे घर बांधीन. बरे झाले, आणि १२ ऑक्टोबर १९६१ रोजी वडिलोपार्जित शेतात पायाला हात घातला. हा दिवस त्यांच्याकडे स्तंभावरच्या मरियामातेच्या सणाचा. तिच्याच नावाने काम सुरू झाले आणि ते त्यांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे ६० वर्षे चालले.

आता मंडळी, त्या माणसाने आयुष्यात कधी वीट रचली नव्हती. स्थापत्याचे शिक्षण नाही, कोणा मिस्त्रीच्या हाताखाली उमेदवारी नाही. जुन्या मोठ्या चर्चची आणि किल्ल्यांची पुस्तके पाहिली, बाकीचे डोक्यात. नकाशा असा काढलाच नाही. आपले गवंडी काठीने जमिनीवर रेघ ओढून "असे येईल बघा" म्हणतात ना, त्यातलाच प्रकार. आणि बांधायचे काय, तर देवडी नव्हे, कॅथेड्रल! जवळजवळ ५० मीटर लांब आणि १०० फुटांहून पुष्कळ उंच घुमटाचे. घुमटाचा आदर्श रोमच्या सेंट पीटर चर्चचा.

पैसा कोठून आणला? आधी स्वतःच्या जमिनी विकल्या. त्या पुरणार नव्हत्याच. जवळच्या विटांच्या कारखान्यातून वाकड्या, मोडक्या, न विकल्या जाणाऱ्या विटा आणल्या. बांधकाम कंपन्यांकडे उरलेला माल मागितला. खांब ओतायला सेंट्रिंगच्या फळ्या नव्हत्या, तेव्हा तेलाचे जुने पिंप घेतले. तळ आणि झाकण कापलेले पिंप एकावर एक ठेवायचे, आत सळया उभ्या करायच्या आणि काँक्रीट ओतायचे, की गोल खांब तयार. प्लॅस्टिकच्या डब्यांतून आणि बादल्यांतून नक्षीचे तुकडे ओतले. सायकलच्या चाकाची कप्पी करून माल वर चढवला. खिडक्यांना रंगीत काचांचे तुकडे चिकटवले. घुमटाच्या लोखंडी फासळ्या उभ्या करताना पुतण्या-भाच्यांनी हात दिला. पुढे एक साथीदार कायमचा मिळाला. नाहीतर बहुतेक काम एकट्याचे. अंगावर धुळीने माखलेला निळा कपडा, डोक्यावर लाल टोपी, रविवार सोडून रोज काम.

वाकड्या विटेचे एक असते. ती सरळ विटेपेक्षा जास्त मसाला खाते आणि ओळंबा धरायला वेळ घेते. त्यामुळे त्या भिंती गुळगुळीत नाहीत, उंचसखल आहेत. आपल्या गावात ज्यांनी ट्रॉलीभर वाळू दिली, ज्यांनी जुन्या वाड्याचे चिरे काढून दिले, आणि ज्या माउल्यांनी नुसते पाणी भरले, त्यांनी हे लक्षात घ्यावे. ज्या विटा विकल्याच जात नव्हत्या, त्या तेथे देवाच्या भिंतीत बसल्या. आपल्या पावती पुस्तकातही लहान आकड्यांच्या पावत्याच जास्त आहेत, हे मी मुद्दाम पाहिले आहे.

गावकरी त्यांना वेडा म्हणत. आमच्याकडेही म्हटले असते. धर्मसंस्थेनेही त्या बांधकामाला मान्यता दिली नव्हती. आणि पालिकेची परवानगी? ती कधी घेतलीच नाही!

येथे मला थोडे थांबावे लागते, कारण हे माझ्या टेबलाचे काम आहे. सातबारा उतारा, चतुःसीमा, नकाशा, पाहणीचा अहवाल, शेरा आणि सही, यातच माझी वीस वर्षे गेली. साठ वर्षे बांधकाम चालते आणि फाइलच नाही, हे वाचून मला पहिल्यांदा हसू आले आणि मग काळजी वाटली. लोक कचेरीला नावे ठेवतात, त्यात तथ्य असेलही. पण छप्पर डोक्यावर येऊ नये म्हणूनच नकाशा मागतात. देवावर भार टाकून तुळईचा भार कमी होत नाही. हुस्तोंच्या भक्तीपुढे मी हात जोडतो, परंतु परवानगीशिवाय बांधण्याचा त्यांचा कित्ता कोणी गिरवू नये, असेच माझे मत आहे. आपल्या समितीने सभामंडपाचा स्लॅब टाकण्यापूर्वी इंजिनिअरला दाखवून घेतला, म्हणून कामाला दोन महिने उशीर झाला आणि काही मंडळी रागावली. त्या रागावलेल्या मंडळींनी ही हकिकत पुढे ऐकावी.

२००५ साली एका शीतपेयाच्या जाहिरातीत हुस्तो दिसले आणि देशभर नाव झाले. देणग्या वाढल्या, पाहुणे येऊ लागले. ज्या रस्त्यावर ही इमारत उभी आहे, त्याला आंतोनी गाउदी या स्पेनच्या विख्यात वास्तुविशारदाचे नाव आहे. शिक्षण घेतलेल्या गाउदींच्या रस्त्यावर न शिकलेल्या हुस्तोंचे काम, हा मला चांगला योग वाटतो. परंतु वय वाढत गेले. माणूस नव्वदी ओलांडतो, घुमट उभा असतो, फरशी आणि खिडक्या अपुऱ्या असतात, आणि प्रश्न पडतो की आपल्यानंतर याला कोण बघणार? कागदावर इमारतच नव्हती. उद्या कोणी पाडायला निघाले, तर दाखवायला काय होते?

शेवटी २०२१ मध्ये त्यांनी ती इमारत 'मेन्साहेरोस दे ला पास', म्हणजे शांतीचे दूत, या धर्मादाय संस्थेच्या स्वाधीन केली. संस्थेने अभियंत्यांकडून तपासणी करून घेतली. पिंपांत ओतलेले ते खांब, त्या वाकड्या विटा, पुस्तकातून उचललेला तो घुमट, सगळे त्यांनी पाहिले आणि सांगितले की बांधकाम आपला भार पेलण्यास समर्थ आहे. साठ वर्षांनी का होईना, पाहणी झाली. २८ नोव्हेंबर २०२१ रोजी ९६ व्या वर्षी हुस्तो वारले. इमारत अपुरी होती आणि राहिलेले काम संस्थेकडे आले.

आपल्याही मंदिराचे ओवऱ्यांचे काम राहिले आहे, आणि पावसाळ्यापूर्वी मागच्या बाजूची गटारे खोदायची आहेत. जमाखर्चाची वही समितीकडे पाहण्यास ठेवली आहे, ज्यांना पाहावयाची असेल त्यांनी जरूर पाहावी. वर्गणीच्या पावत्या आज रात्री नऊपर्यंत मारुतीच्या पाराजवळ मिळतील.