पिनवर कब्जा कुणाचा?

(आदिलाबाद येथील हिवाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)

हंगामात इथल्या मार्केट यार्डात कापसाची गाडी लागली की भावाच्या आधी ओलाव्याची चर्चा सुरू होते. भारतीय कापूस महामंडळाची खरेदी 8 ते 12 टक्के ओलाव्याच्या निकषावर चालते. 8 च्या वर गेलं की हमीभावातून कपात, 12 च्या वर गेलं की गाडी परत. ओलावा मोजणारी बरीच यंत्रं कापसातून वीज किती सहज जाते ते पाहतात. आतल्या मायक्रोकंट्रोलरच्या एका पिनवर व्होल्टेज मोजलं जातं आणि त्यावरून काढलेली ओलाव्याची टक्केवारी पडद्यावर येते. ती पिन चुकीचं बोलली, तर फटका शेतकऱ्याच्या खिशाला. म्हणून आजचा विषय दिसतो तितका प्रयोगशाळेतला नाही.

पिन मनासारखी वागली नाही की वर्गातल्या पोरांचं निदान तयार असतं: ‘सर, चिप गेली.’ चिप जातेही, पण क्वचित. बहुतेक वेळा पिन तुमचं ऐकत नाही, कारण ती त्या क्षणी दुसऱ्या कुणाचं तरी ऐकत असते. आपल्याकडे जमिनीच्या जुन्या पहाणीत पट्टेदाराचा रकाना वेगळा आणि कब्जेदाराचा वेगळा असायचा, आणि दोन्हींत नावं निराळी असू शकत, हे इथे कुणाला समजावून सांगायला नको. चिपच्या माहितीपत्रकात, म्हणजे डेटाशीटमध्ये, एकाच पिनपुढे तिरप्या रेघा मारून तीन-चार नावं दिलेली असतात, ते हेच रकाने. पहिलं नाव वाचून आपण प्रोग्राम लिहायला बसतो, आणि कब्जा असतो तिसऱ्या नावाचा.

आयआयटी मुंबईच्या ‘ई-यंत्र’ प्रकल्पातून ‘फायरबर्ड 5’ हा रोबो देशभरच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत पोहोचला. त्यात एटीमेगा2560 ही चिप आहे. तिच्या एफ पोर्टच्या 4 ते 7 या चार पिन सेन्सरचं व्होल्टेज वाचू शकतात, आणि त्याच चार पिन जेटॅगच्याही आहेत. जेटॅग म्हणजे डिबगर जोडून चालता प्रोग्राम हवा तिथे थांबवून आत डोकावायची वाट. रोबोवर जवळची वस्तू ओळखणारे सेन्सर याच पिनांवर येतात, म्हणून त्याच्या पुस्तिकेत स्पष्ट सांगितलंय की जेटॅग वापरायचा असेल तर त्या सेन्सरचा जंपर काढा. डोळे हवेत की डिबगर, एक काय ते ठरवा!

याच चिपची गंमत पुढे आहे. कारखान्यातून येणाऱ्या कोऱ्या चिपमध्ये जेटॅगचा फ्यूज, म्हणजे प्रोग्रामबाहेरची सेटिंग, चालू असतो; हीच चिप असलेल्या आर्डुइनो मेगा बोर्डावर तो बंद करून दिलेला असतो. त्यामुळे बोर्डावर बिनतक्रार चालणारा प्रोग्राम आपण स्वतः जोडलेल्या चिपवर नेमका या चार पिनांवर अडतो. बाकीच्या पिन शहाण्यासारख्या वागत असतात, म्हणून संशय सोल्डरिंगवर जातो. जेटॅग प्रोग्राममधूनही बंद करता येतो, पण त्यासाठीची बिट चार क्लॉकच्या आत दोनदा लिहावी लागते. डिबगिंगच्या सोयीसाठी कंपायलरचं ऑप्टिमायझेशन शून्यावर ठेवलं, तर दोन लिखाणांत जास्त क्लॉक जातात आणि चिप ती सूचना मानत नाही. दोष शोधायला केलेली सोयच इथे दोष घडवते. एसटीएम32एफ103 या दुसऱ्या चिपवर पीए15, पीबी3 आणि पीबी4 या पिनांची हीच कथा. रीसेटनंतर त्या जेटॅगच्या ताब्यात असतात, मागून घ्याव्या लागतात.

डिबगर हा तिऱ्हाईत साक्षीदार नव्हे, हे मला आज मुख्यतः सांगायचंय. ब्रेकपॉइंटवर प्रोग्राम थांबतो, पण पिन शेवटच्या आज्ञेवरच राहते. रिले चालू असेल तर मोटर चालूच. अनेक चिपांत टायमरही धावत राहतात, वेगळी बिट लावली तरच थांबतात. त्याहून चकवणारा प्रकार सीरियल पोर्टचा. त्याच एसटीएम32 मध्ये आलेला बाइट डेटा रजिस्टरमधून वाचला की ‘नवीन माहिती आहे’ हा झेंडा खाली येतो. डिबगरच्या खिडकीत ते रजिस्टर उघडं ठेवलंत तर वाचन डिबगरच करतो आणि तुमचा प्रोग्राम ताटकळत बसतो. खिडकी बंद केली की सगळं सुरळीत! अशा वेळी एखादी मोकळी पिन खाली-वर करून ऑसिलोस्कोपवर पाहणं मला जास्त भरवशाचं वाटतं.

आता शेतावर येऊ. तिथे कधीकधी पिनवर कुणाचाच कब्जा नसतो. विहिरीतल्या फ्लोट स्विचची लांब वायर मोटरच्या केबलशेजारून येते. स्विच उघडा असला की ती वायर अधांतरी राहते आणि 50 हर्ट्झची घरघर गोळा करते. पिन वर खेचून धरणारा चिपच्या आतला पुल-अप रेझिस्टर एटीमेगामध्ये 20 ते 50 किलोओहमचा असतो, एवढ्या लांबीला तो दुबळा पडतो. बाहेरून 4.7 किलोओहम लावा. आणि मल्टिमीटर टेकवताच वाचन बदललं, तर पिन अधांतरी असल्याचा तो चांगला पुरावा समजा.

एवढं सगळं तपासूनही पिन हटून बसली तर? तर उत्पादकाचं दोषपत्रक वाचा. रास्पबेरी पायची आरपी2350 ही चिप ऑगस्ट 2024 मध्ये आली. इनपुटला आतला पुल-डाऊन लावला की पिन शून्यावर यायला हवी. पण या चिपवर ती सुमारे 2.2 व्होल्टवर अडकून राहायची. हा चिपचाच दोष होता, कंपनीने तो ई9 या क्रमांकाने मान्य करून छापला. उपाय म्हणजे बाहेरून 8.2 किलोओहम किंवा त्याहून कमी पुल-डाऊन. 2025 मध्ये आलेल्या ए4 आवृत्तीत तो दुरुस्त झाला. तुमच्याकडचा बोर्ड त्याआधी घेतलेला असेल, तर चिपच्या पाठीवरची बारीक अक्षरं भिंगाखाली वाचा. शेवटी ए2 असेल तर रेझिस्टर लावायला घ्या.