चालीची ओळख



गिरगावच्या चाळीत जिन्यावर पाऊल वाजले की कोण आले हे आम्हांस दार न उघडताच कळे. दादरच्या पुलावर पाठमोरा गृहस्थ पाहून 'अहो, हे तर आपले अण्णा!' असे आपण म्हणतो, तेही चालीवरूनच. आता हे काम यंत्र करू लागले आहे.

त्याची रीत समजण्यास अवघड नाही. कॅमेऱ्याच्या चित्रांतून मागचा रस्ता, भिंती वगळून चालणाऱ्याची नुसती छायाकृती काढतात. डाव्या-उजव्या पावलांच्या एका फेऱ्यातील अशा छायाकृतींची सरासरी घेऊन ती साठवलेल्या चालींशी ताडून पाहतात. ठशासाठी बोट टेकवावे लागते. चाल मात्र दुरून, आपल्या नकळत टिपता येते.

हा प्रश्न आपल्या दारी येऊन गेला आहे. 25 फेब्रुवारी 2021 रोजी कारमायकल रोडवर जिलेटिनच्या कांड्या ठेवलेली मोटार सापडली. तेथील चित्रणात सैल कपड्यांतील एक व्यक्ती चालताना दिसली. मार्चमध्ये राष्ट्रीय तपास यंत्रणेने अटकेतील एका पोलीस अधिकाऱ्यास रात्री त्याच ठिकाणी चालवून पाहिले. गुन्ह्याचा छडा लागावा, याविषयी दुमत नाही.

परंतु चाल म्हणजे बोटाचा ठसा नव्हे. परळच्या गिरणीत पाळी करून परतणारा कामगार सकाळच्यासारखा चालत नसे. हातात पिशवी आली, अंगावर जाड कपडे आले, गुडघा दुखावला, कॅमेऱ्याचा कोन बदलला, की यंत्रही चुकते. 1977 साली अमेरिकेत दोन संशोधकांनी मित्रमंडळींना परस्परांच्या चाली अंधारात, सांध्यांवरील प्रकाशबिंदूंवरून ओळखावयास लावल्या. निव्वळ अंदाजापेक्षा यश अधिक आले. पण निम्म्याहून अधिक वेळा ओळख चुकलीच! म्हणून चाल जुळली हा तपासाचा धागा मानावा; केवळ तेवढ्यावर कोणास दोषी ठरवू नये.

दुसरी गोष्ट. चाळीतली ओळख दोन्हीकडची होती. शेजारी आम्हांस ओळखी, आम्ही शेजाऱ्यास. यंत्र आपणांस ओळखील, पण लालबागच्या गर्दीत आपली चाल कोणी टिपली, किती दिवस ठेवली, कोणास दिली, हे आपणांस कोण सांगणार? खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 2017 साली सांगितले आहे. तेव्हा हे प्रश्न विचारणे म्हणजे चोराची बाजू घेणे नव्हे. ते आपण नागरिकांनीच विचारावयाचे आहेत.