अहवालाखाली सही कोणाची?



भंडाऱ्यात औषधाचे दुकान टाकायचे तर नोंदणीकृत फार्मासिस्ट लागतो. १९४८च्या फार्मसी कायद्याने तशी सोय केली. वकिलाला सनद लागते, परिचारिकेला नोंदणी लागते. मात्र एखादे मूल आईबापाकडे परत जाईल की बालगृहात राहील, हे ठरवताना बालकल्याण समिती ज्या अहवालाचा आधार घेते, तो लिहिणाऱ्या माणसाचे नाव कोणत्याही परिषदेच्या नोंदवहीत नसले तरी चालते. याबद्दल मला आज बोलायचे आहे.

आपल्याकडे नोंदणी आहे ती संस्थेची. न्यास असेल तर १९५०च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नाव घालावे लागते. मुलांना ठेवून घेणारी संस्था असेल तर २०१५च्या बाल न्याय कायद्याचे ४१वे कलम लागू होते. नोंदणी न करता बालगृह चालवले तर एक वर्षापर्यंत कैद, किंवा किमान एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. हे योग्यच आहे. पण त्या बालगृहातून चौकशी, गृहभेट, समुपदेशन करायला जो माणूस गावात जातो, तो काय शिकला आहे आणि त्याने चूक केली तर त्याला जाब कोण विचारणार, हे गावकऱ्याला कळायला मार्ग नाही. सरकारी नोकर असेल तर निदान सेवानियम तरी आहेत. संस्थेतला किंवा कंत्राटी कार्यकर्ता एका जिल्ह्यातून काढला गेला तर दुसऱ्या जिल्ह्यात दुसऱ्या संस्थेत लागतो. मागच्या तक्रारीचे कागद त्याच्यामागे जात नाहीत.

गृहभेट म्हणजे काय, ते जरा जवळून पाहू. रोवणीच्या दिवसांत मोहाडी किंवा लाखांदूर तालुक्यातल्या एखाद्या गावी दुपारी बारा वाजता जा. परे उपटायला सकाळीच गेलेल्या बाया सांजेपर्यंत बांधीतच असतात. आतल्या खोलीला कुलूप, ओसरीवर डोळ्यांनी अधू झालेली आजी, आणि आठ वर्षांची पोर लहान भावाला कडेवर घेऊन उभी. घाईतला कार्यकर्ता नमुन्याच्या रकान्यात लिहून मोकळा होतो: ‘पालक घरी आढळले नाहीत. मुलांकडे दुर्लक्ष.’ पहिले वाक्य खरे आहे, दुसरे खोटे. आणि समितीपुढे दोन्ही एकाच सहीखाली जातात.

जाणकार माणूस सांजेला पुन्हा येतो. आई चूल पेटवत असते, तेव्हा तिच्याशी बोलतो. मजुरी कोणाच्या शेतात, रोवणी सरली की बाप कामाला कुठे जातो, शाळेच्या हजेरीपटात पोरीचे खाडे कोणत्या महिन्यात पडतात, अंगणवाडीताई काय सांगतात, हे एकेक करून विचारतो. पोरीशी वेगळे बोलतो आणि तिला न घाबरवता बोलतो. बाल न्याय कायद्याने चौकशीसाठी १५ दिवस दिले आहेत, ते अशा दोन खेपांसाठीच. हे काम मनाच्या चांगुलपणावर होत नाही. त्याला शिक्षण लागते. नागपूरला मातृ सेवा संघाची समाजकार्य संस्था आहे, तिरपुडे महाविद्यालय आहे. तिथली मुले-मुली वर्गाबरोबरच क्षेत्रकार्य करतात, आणि नोंदी कशा ठेवायच्या हे शिक्षकांच्या देखरेखीखाली शिकतात.

दुसरे उदाहरण सिकलसेलचे. आपल्या पूर्व विदर्भातल्या किती घरांना हा आजार माहीत आहे, ते मी सांगायला नको. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणून लग्नाआधी तपासणी करा, असे समुपदेशक सांगतात, आणि बरोबरच सांगतात. पण तपासणीचा निकाल लागला की तो समुपदेशकाच्या ओठांवर असतो. एखादी मुलगी वाहक आहे, एवढी गोष्ट पाणवठ्यावर पोचली तर तिचे जमलेले लग्न मोडते, धाकट्या बहिणीचेही अडते. वाहक असणे म्हणजे आजारी असणे नव्हे, हे मग घरोघर सांगत कोण फिरणार? गुपित फोडणाऱ्या डॉक्टरची तक्रार वैद्यकीय परिषदेकडे नेता येते. समुपदेशकाची कोणाकडे न्यायची?

कायद्यात अगदीच काही नाही, असे मात्र नाही. १९९२च्या पुनर्वसन परिषद कायद्याखाली अपंगांच्या पुनर्वसनात काम करणाऱ्या समाजकार्यकर्त्यांची नोंद होते. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनोरुग्णांसाठी काम करणाऱ्या समाजकार्यकर्त्यांची पात्रता ठरवली आणि त्यांची नोंद राज्य प्राधिकरणाकडे ठेवायला सांगितले. २०२१च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय कायद्याच्या अनुसूचीत वैद्यकीय आणि मनोवैद्यकीय समाजकार्यकर्ते आले, आजारांबद्दल समुपदेशन करणारेही आले, आणि राज्यांनी आपापल्या परिषदा नेमाव्यात असे त्यात आहे. म्हणजे दवाखान्याच्या आतले काम हळूहळू नियमांत येते आहे. दवाखान्याबाहेरचे, म्हणजे मुलांचे, मारहाण सोसणाऱ्या बायकांचे, धरणात गाव गेलेल्या कुटुंबांचे काम मोकळेच आहे. गोसीखुर्द धरणाच्या पुनर्वसनाची गावे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना कुटुंबाच्या पाहणीत एक नाव सुटले तर काय होते हे ठाऊक आहे.

त्याच बाल न्याय कायद्यातल्या बाल न्याय मंडळाची रचना पाहिली की मला विशेष वाईट वाटते. न्यायदंडाधिकाऱ्यांबरोबर तिथे दोन समाजकार्यकर्ते बसतात, त्यांतली एक तरी स्त्री असावी लागते. पात्रता कोणती? मुलांच्या आरोग्य, शिक्षण किंवा कल्याणाच्या कामात सात वर्षे, नाही तर बालमानसशास्त्र, मनोविकारशास्त्र, समाजशास्त्र किंवा कायद्याची पदवी असलेला व्यावसायिक. या यादीत समाजकार्याची पदवीच नाही! मुंबईत नागपाड्याच्या वस्तीतल्या कामातून पुढे येऊन १९३६ साली सर दोराबजी टाटांच्या नावाने समाजकार्याची शाळा सुरू झाली, तिला नव्वद वर्षे होत आली. समाजकार्यकर्त्यांच्या राष्ट्रीय परिषदेसाठी विधेयकाचे मसुदेही झाले. कायदा काही झाला नाही. इंग्लंडमध्ये २००५पासून नोंदणी नसलेल्या माणसाने स्वतःला सोशल वर्कर म्हणवून लोकांना फसवणे हा गुन्हा आहे. अमेरिकेत प्रत्येक राज्याची स्वतःची परवाना व्यवस्था आहे.

आता एक भीती बोलून दाखवली जाते आणि ती खरी आहे. परवाना आला की पदवी नसलेल्यांना बाहेर काढतील. आपल्या जिल्ह्यात तलावांवरच्या ढिवर बांधवांना संघटित करणारे, बचत गट उभे करणाऱ्या बाया, रात्री-अपरात्री बाळंतिणीला दवाखान्यात नेणाऱ्या आशाताई, यांतल्या कितीजणांकडे एमएसडब्ल्यूचा कागद आहे? त्यांच्या वाटेत कोणी नियम आणून टाकला तर मी त्याला विरोध करीन. सेवा करायला कोणाची परवानगी लागता कामा नये. पण दुसऱ्याच्या घरात शिरून त्याच्याबद्दल सरकारदरबारी अहवाल देणे, त्याचे गुपित ऐकून घेणे, त्याचे मूल कोणाकडे द्यावे याची शिफारस करणे, ही कामे वेगळी आहेत. परवाना एवढ्या कामांपुरताच असावा.

यात कार्यकर्त्याचेही संरक्षण आहे, हे आपण विसरतो. अकरा महिन्यांच्या करारावर काम करणारी पंचविशीतली मुलगी बालविवाहाची खबर घेऊन गावात जाते. तिच्यासमोर गावातली चार वजनदार माणसे बसतात. ‘मॅडम, वय अठरा लिहून टाका,’ असे म्हणतात. आज तिच्या पाठीशी कोण आहे? खोटे लिहिले तर माझी नोंदणी जाईल, असे ती सांगू शकली, तर नकाराला एक आधार मिळतो. डॉक्टर खोटे प्रमाणपत्र नाकारताना हेच तर सांगतात.

तेव्हा राज्याने कायदा करावा, आणि तो करताना चार गोष्टी पाहाव्यात, असे मला वाटते. सात-दहा वर्षे काम केलेल्या, पदवी नसलेल्या कार्यकर्त्यांना छोट्या प्रशिक्षणानंतर नोंदणी मिळावी. शुल्क कंत्राटी पगाराला झेपेल इतके असावे. नोंदणीकृत माणसांची यादी आपल्या जिल्ह्यातल्या सातही तालुक्यांच्या तहसील कार्यालयांत मराठीत लावलेली असावी. आणि तक्रारीची सुनावणी मुंबईला नको, भंडाऱ्याला व्हावी; कारण पवनीच्या मजूर बाईला एका दिवसाची मजुरी बुडवून भंडाऱ्यापर्यंत येता येते, मुंबईपर्यंत येता येत नाही.