बाह्यवळणाची दोन टोकं

पुण्याचं कात्रज-देहूरोड बाह्यवळण आपल्याला ठाऊक ते कोंडीमुळे. त्याच्या त्या टोकाला, देहूरोडच्या विहारात, २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी रंगूनहून आलेली बुद्धमूर्ती बसवली. नागपूरची धम्मदीक्षा अजून पावणेदोन वर्षं लांब होती.

या टोकाला, कात्रजसारख्या उपनगरात, बौद्ध उपासकाला शिफ्ट असते, घराचे हप्ते असतात. त्याला मोठा आधार वर्षावासाचा. आषाढी ते आश्विनी पौर्णिमा, विहारात किंवा कुणाच्या घरी, संध्याकाळी सतरंजीवर मंडळी जमतात. आधी त्रिशरण-पंचशील, मग बाबासाहेबांच्या ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचं वाचन, आळीपाळीनं. एखादी आजी जोडाक्षराला अडखळली, की शेजारची शाळकरी नात हळूच शब्द पुरवते.

काही जण पौर्णिमेला अष्टशील घेतात. दुपारी बारानंतर जेवण नाही. म्हणजे डबा लवकर संपवायचा आणि चारच्या चहाबरोबरचा वडापाव नाकारायचा. मद्य टाळण्याचं पाचवं शील वरातीत कठीण. माझ्या मते चौथं, खोटं न बोलण्याचं, त्याहून अवघड: कात्रज चौकात अडकलेला माणूस फोनवर हमखास सांगतो, “पोचलोच, दोन मिनिटांत!”