उपकरणे घडविणारे प्राध्यापक

(सोलापूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



सोलापुरी चादर घेणाऱ्याच्या हाती चादर पडते. ती ज्यांच्या आधारे विणली गेली, ते जकार्डचे भोके पाडलेले पुठ्ठे कारखान्यातच राहतात. संगणकाच्या आज्ञावलीचेही असेच आहे. आपण विकत घेतो ती चादर. पुठ्ठे, म्हणजे ‘सोर्स कोड’, कंपनीच्या तिजोरीत. हे पुठ्ठेही सर्वांना द्यावेत, कोणीही ते सुधारून पुढे वाटावेत, ही मुक्तस्रोत चळवळीची भूमिका.

आयआयटी मुंबईत अध्यापन केलेले प्रा. कन्नन मौद्गल्य मूळचे रासायनिक अभियंते. अमेरिकेतील राइस विद्यापीठाची डॉक्टरेट, नियंत्रणशास्त्रातील संशोधन, २००७ साली ‘डिजिटल कंट्रोल’ हा ग्रंथ. शोधनिबंधांची वाट रुळलेली असताना त्यांनी आपली शक्ती मुक्तस्रोताकडे वळविली. केंद्र शासनाच्या साहाय्याने ‘फॉसी’ प्रकल्प उभा राहिला. विमानविद्येचे प्रा. प्रभू रामचंद्रन हे त्यातील सहकारी. त्रिमित चित्रणाची ‘मायावी’ ही मुक्त आज्ञावली त्यांचीच.

याची निकड काय होती? अभियांत्रिकीच्या गणितांसाठी ‘मॅटलॅब’सारखी परदेशी आज्ञावली लागते. तिचा परवाना सामान्य महाविद्यालयाला जड जातो. मग चोरीची प्रत येते, आणि त्यात वावगे काही आहे असे कोणालाच वाटत नाही. किमतीपेक्षा मला या सवयीची चिंता अधिक वाटते.

फ्रान्समध्ये विकसित झालेली ‘सायलॅब’ विनामूल्य होती. तथापि, फुकट मिळते म्हणून कोणी वापरत नाही. अभ्यासक्रमातील पुस्तक तिच्याशी जुळावे लागते. ‘फॉसी’ने हे काम विद्यार्थ्यांवरच सोपविले. प्रचलित पाठ्यपुस्तकातील सोडविलेली उदाहरणे त्यांनी सायलॅबमध्ये लिहायची. तपासणीनंतर ती सर्वांसाठी खुली व्हायची आणि विद्यार्थ्याला मानधन मिळायचे. स्वतःचे नाव लावून देशभरच्या मुलांना उपयोगी पडेल असे काही करण्याची संधी पदवीच्या वर्गात कितीशी मिळते?

दुसरा उपक्रम ‘स्पोकन ट्युटोरियल’. सुमारे दहा मिनिटांचा पाठ. पडद्यावर प्रत्यक्ष कृती आणि सोबत निवेदन. विद्यार्थ्याने ऐकता ऐकता शेजारीच ती कृती करून पाहायची. निवेदन मराठीसह अनेक भारतीय भाषांत; पडद्यावरील शब्द मात्र इंग्रजीच. ‘फाइल’, ‘मेनू’ यांना ओढूनताणून प्रतिशब्द शोधलेले नाहीत. हे मला पटले, कारण नोकरीच्या ठिकाणी मुलांना तेच शब्द भेटणार आहेत.

या वाटेला मान थोडा. आपल्या शिक्षणसंस्थांत बढतीच्या वेळी शोधनिबंध मोजतात. असंख्य विद्यार्थी वापरतील अशा आज्ञावलीसाठी सहसा रकानाच नसतो. आयआयटीतील स्थिरावलेल्या प्राध्यापकाला ही वाट धरता आली. जिल्ह्याच्या महाविद्यालयातील तरुण अधिव्याख्यात्याने ती धरायची, तर तो रकाना प्रथम निर्माण करावा लागेल. येथे संस्थाचालक उपस्थित आहेत, म्हणून हे मुद्दाम बोललो.